दोण

डॉक्टर मुकादमांचा हात कापू लागला
तेव्हा त्यांनी दवाखान्याची पाटी उतरवली, खुर्ची विकली,
आणि टाकीकडे बघत म्हणाले,
"नाटेकरबाई, हे तुम्ही न्या.
दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत."

अकरा वर्षं ती काच मी पुसली.
माशांनी चिपळूण पाहिलं ते एवढंच :
बाकावर गाल धरून बसलेली माणसं.
आणि माणसांनी पाहिले ते मासे,
गाल फुगवलेले, तोंड उघडं, बोलणं नाही.
आत ड्रिल सुरू झालं की पाचही जण
डाव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या किल्ल्यामागे.

एसटीत मांडीवर बिस्किटांची रिकामी बरणी,
झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.
कंडक्टर म्हणाला, "पालशेतला मासे नेताय?
बंदरातली माणसं हसतील तुम्हाला."
जिवंत आहेत, मी म्हटलं.
"मग तिकीट लागेल," म्हणाला, आणि हसला नाही.
मार्गताम्हान्याच्या वळणावर
दोन घोट पाणी पदरावर सांडलं.

आगरातली दोण जांभ्या चिऱ्याची,
आत शेवाळ, डासांच्या अळ्या, एक बुडालेली झावळी,
आणि वर पोफळींच्या शेंड्यांतून
तुकड्यातुकड्याने पडलेलं आभाळ.
घाई केली नाही.
बरणी सुतळीने बांधून दोणीत तरंगत सोडली,
आणि दुपारभर, थोड्या थोड्या वेळाने,
वाटीभर दोणीचं पाणी बरणीत,
ताप उतरलेल्या पोराला पेज भरवावी तसं.

हिरूबाय टोपली घेऊन कुंपणाशी थांबली.
"काय गो, एवढ्यात कालवण व्हायचं?"
पाळायचेत, म्हटलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"पाळायचे,"
असं एकदा स्वतःशीच म्हणाली
आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

संध्याकाळी बरणी आडवी केली.
बाहेर आले. पण जेवढी टाकी होती
तेवढ्यातच फिरत राहिले :
दोन हात पुढे, वळले,
दोन हात मागे, वळले.
नसलेल्या काचेला एकानेही नाक लावलं नाही.
तीन दिवस.
पंप सुरू झाला की पाचही डाव्या कोपऱ्यात.
अरे, पाणी आहे ते, मी म्हणायची,
पाणी येतंय नुसतं.

चौथ्या दिवशी दिराने शिंपणं काढलं.
सवयीने बुच उपसला.
माझा जाळ्याचा बोळा भोकात बसवायचा राहिला होता,
ती चूक माझीच.
दोणीचं पाणी पाटाने आगरभर गेलं,
एकेका पोफळीच्या आळ्यात
गोल गोल फिरून जिरलं.
मोजले. चार.

रात्री बॅटरी घेऊन आळं न् आळं पालथं घातलं.
मार्गशीर्ष, सुपारी पिकून गळायचे दिवस.
उजेडात काही केशरी दिसलं की वाकायचे,
हातात यायची सुपारी.
पुढच्या आळ्यात परत केशरी,
परत सुपारी, ओली, गार.
किती वेळा वाकले मोजलं नाही,
दिराने मात्र मोजलं असावं,
कारण तो आतून दुसरी बॅटरी घेऊन आला
आणि काही न बोलता
पलीकडच्या रांगेला लागला.

आता भोकाला जाळं आहे,
ढोकरी बसू नये म्हणून वरही जाळं.
चौघं दोणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात,
पंपाच्या धारेखाली येऊन उलटेपालटे होतात.
रंग जरा उतरलाय एकाचा, किंवा उन्हात तसा दिसतो.
काचेची टाकी ओसरीवर आहे,
तिच्यात खुडूक कोंबडी बसलीय,
येणारा-जाणारा वाकून तिला बघतो.

परवा डॉक्टरांचा फोन आला.
मजेत आहेत, म्हटलं.
किती, ते त्यांनी विचारलं नाही.

सुपारी वेचायला बसते सकाळी.
प्रत्येक नग उचलून
आधी तळहातावर धरते जरा,
मग टोपलीत टाकते.